कळी धरताना दिवा किती वाढवायचा?

गॅलरीत ऊन येत नाही म्हणून घरात एलईडीखाली मिरची, टोमॅटो लावणारे आता बरेच आहेत. रोप हातभर होईपर्यंत सगळं छान चालतं. मग बेचक्यांत मोहरीएवढ्या कळ्या दिसतात आणि आठ दिवसांत देठासकट गळतात. खत बदललं जातं, औषध फवारलं जातं. दिव्याकडे लक्ष जात नाही, कारण डोळ्यांना तो लख्ख वाटतो.

फसगत इथेच होते. डोळा कमी उजेडालाही सरावतो. पान मात्र सेकंदाला प्रकाशाचे किती कण पडले, एवढंच मोजतं. हे माप मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल पडतात; ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत जेमतेम चार-पाच!

पान स्वतःची साखर स्वतः बनवतं. कळीला ती जवळजवळ सगळी पानांकडून घ्यावी लागते. साखर कमी पडली की रोप आधी कळ्या सोडून देतं. म्हणून टोमॅटोच्या कोवळ्या रोपाला दोनशेच्या आसपास मायक्रोमोल पुरत असले, तरी फुलोऱ्यात ४०० ते ६०० लागतात. ५०० मायक्रोमोलचा दिवा १४ तास चालला तर दिवसभरात चौरस मीटरला २५ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल) प्रकाश मिळतो, आणि टोमॅटोला तो चांगला मानवतो. हजाराच्या पुढे मात्र घरच्या साध्या हवेत फारसा फायदा नाही. तेव्हा कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, वीजबिल तेवढं वाढतं.

ही वाढ एका दिवसात करू नका, हे मला अगदी आग्रहाने सांगायचं आहे. मंद उजेडात वाढलेलं पान पातळ असतं, अचानक आलेला प्रकाश त्याला वापरता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी डिमर थोडासा पुढे सरकवा आणि शेंड्याकडे बघा. दिव्याला सर्वांत जवळची पानं शिरांच्या मधे फिकट पडली, कडा वर वळल्या आणि खालची पानं हिरवीगारच राहिली, तर तो उजेडाचा चटका आहे. याउलट खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता तपासा. डिमर नसेल तर दिव्याची उंची बदला. छोटा दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड साधारण चौथाईवर येतो. रुंद पॅनेलचा तेवढा घटत नाही. उजेड वाढला की पाणीही जास्त लागतं, हे विसरू नका.

शेवंतीचं गणित वेगळं आहे. तिलाही दिवसा भरपूर उजेड हवा, पण कळी धरायची की नाही हे ती रात्रीच्या लांबीवरून ठरवते; रात्र लांब आणि सलग काळोखाची असेल तरच धरते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखूवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की दिवस लहान केला तर न फुलणारं झाडही फुलतं. पुढे कळलं, की पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य तांबड्या प्रकाशाने जागं होतं आणि त्याला त्यासाठी फार थोडा उजेड पुरतो. रात्री मधेच ते जागं झालं, की झाडाच्या लेखी लांब रात्र तुटते. पॉलिहाऊसमधले शेवंतीवाले हेच वापरतात. दांडा पुरेसा उंच होईपर्यंत मध्यरात्री काही तास दिवे लावून ते कळी रोखून धरतात. शंभर लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद उजेडही त्याला पुरतो. गॅलरीतला रात्रभर जळणारा बल्बही तेच करू शकतो.

टोमॅटोला दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा नाही, पण चोवीस तास उजेड दिला तर त्याचीही पानं पिवळी पडतात. टायमर लावून त्यालाही रोज सलग काळोख द्या.

माझ्या शेवंतीवर मी संध्याकाळी साडेसहाला पुठ्ठ्याचा जाड खोका पालथा घालते आणि सकाळी साडेसातला उचलते. चौथ्या आठवड्यात शेंड्यावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी कळी बसलेली दिसली.