पॉवर स्टिअरिंग बंद पडलं, तरी गाडी वळते

जुन्या प्रीमियर पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग बसवायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास घाबरवतं : "चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जाम होईल." वर्षानुवर्षं फिरणारी ही समजूत साफ चुकीची आहे.

अशा गाड्यांना हल्ली बहुतेक इलेक्ट्रिक किट बसवतात. खालचा स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी, तोच राहतो; बदलतो तो वरचा कॉलम, म्हणजे स्टिअरिंगपासून त्या पेटीपर्यंत जाणारा दांडा. त्यात एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी सळई, असते. स्टिअरिंग फिरवलं की ती किंचित पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या हिशोबाने मोटर जोर लावते. वीज गेली तर मोटरची मदत थांबते, पण तुमच्या हातापासून पुढच्या चाकांपर्यंतचा लोखंडी जोड शाबूत असतो. स्टिअरिंग जड होतं. बंद मोटरही सोबत फिरवावी लागते, त्यामुळे पूर्वीपेक्षा थोडं जास्तच जड.

जाम करतं ते किल्लीचं लॉक. उतारावर इंजिन बंद करून किल्ली काढलीत, तर लॉकची खीळ कॉलममध्ये बसते, मग पॉवर स्टिअरिंग असो वा नसो.

काळजी करायचीच तर विजेची करा. पार्किंग करताना ही मोटर बॅटरीतून भरपूर करंट खेचते आणि जुना डायनॅमो नेमका तेव्हाच, इंजिन आयडलिंगला म्हणजे नुसतं मंद चालू असताना, बॅटरी जेमतेम चार्ज करतो. म्हणून आधी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, म्हणजे मंद इंजिनावरही जास्त चार्ज करणारा जनित्र, बसवा. टाय रॉडचे, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे, सांधेही तपासून घ्या, कारण मोटरच्या मदतीत त्यांची ढिलाई हाताला जाणवत नाही.