बेपत्ता जवानाचे अवशेष सापडले तर डीएनए कोणाचा लागतो आणि कागद कोणते जमवायचे

चाळीसगावकडे आमच्या ओळखीच्या एका घरात काळी लोखंडी ट्रंक आहे. आता तिच्यात गोधड्या असतात, पण झाकणावर पांढऱ्या पेंटने लिहिलेला आर्मी नंबर, रँक आणि नाव अजून वाचता येतं. त्या घरातल्या म्हाताऱ्या आत्या त्याच्यावर हात फिरवत म्हणाल्या, "हाऊ मना भाऊना नंबर शे." भाऊ बर्फात गेला तो परत आलाच नाही, बॉडीपण मिळाली नाही. तुमच्याकडे असं कोणी असेल तर पहिलं काम हेच करा, तो नंबर वहीत उतरवा आणि ट्रंकेचा फोटो काढून ठेवा.

कारण इतक्या वर्षांनीही सापडतात हो. सियाचीनमध्ये १९८४ ला बेपत्ता झालेले लान्सनायक चंद्रशेखर ३८ वर्षांनी, २०२२ ला सापडले आणि ओळख पटली ती बिल्ल्यावरच्या आर्मी नंबरवरून. ७ फेब्रुवारी १९६८ ला रोहतांगकडे हवाई दलाचं एएन-१२ विमान पडलं, १०२ जण होते, त्यातले आणखी चार जण थेट २०२४ ला बर्फातून काढले.

बिल्ला किंवा खिशातले कागद नसले की मग हाड आणि दातातून डीएनए काढतात आणि नातेवाईकांशी जुळवतात. इथे बहुतेक घरांची गल्लत होते. सगळ्यांना वाटतं बायकोचं रक्त द्यायचं, पण बायकोचा डीएनए नवऱ्याशी जुळणार कसा? मुलगा, मुलगी, आई-वडील असतील तर त्यांचं सॅम्पल उत्तम, मुलासोबत त्याच्या आईचंही घेतलं तर बापाकडून आलेला भाग वेगळा काढायला मदत होते. पण हाड फार जुनं असलं की साधा डीएनए तुटलेला असतो, तेव्हा मायटोकॉन्ड्रियल डीएनए कामाला येतो, एका पेशीत त्याच्या शेकडो कॉप्या असतात म्हणून तो टिकतो, आणि तो फक्त आईकडून येतो. म्हणजे जवानाच्या स्वतःच्या पोरांकडे तो नसतोच! तो असतो त्याच्या सख्ख्या बहीण-भावाकडे, मावशीकडे, बहिणीच्या मुलांकडे. भावाचा आणि चुलत्याचा वाय क्रोमोसोमसाठीही (हा बापाकडून फक्त मुलग्यांकडे येतो) उपयोग होतो.

आणि खरी अडचण इथंच आहे. रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांच्या नोंदी ठेवणारं सैन्याचं कार्यालय) कागदात बायको-पोरं असतात, पण जी बहीण सगळ्यात उपयोगाची ती पारोळ्याला नाहीतर शिरपूरला दिलेली, नाव-आडनाव बदललेलं, तिला कोण शोधणार?

म्हणून तिचं नातं कागदावर आणा. शाळा सोडल्याचा दाखला (त्यात वडिलांचं नाव असतं), आधार, लग्नानंतरच्या नावाचा पुरावा, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. शाळेत गेलीच नसेल तर तलाठ्याकडे जुना फेरफार बघा, वडिलांच्या जमिनीवर वारस लावताना बहिणींची नावं लागलेली असतात, हक्कसोड केलं असेल तर त्यातही सापडतात. सोबत जवानाचा नंबर, युनिट, बेपत्ता झाल्याची तार किंवा पत्र, पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), जुना फोटो.

हे नातेवाईक कळवायचा अर्ज म्हणजे साधं पत्र, ते त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला. पत्रात सध्याचा पत्ता, दोन-तीन चालू मोबाइल नंबर आणि आईकडच्या नातेवाईकांची यादी द्या. लिहायला जमत नसेल तर जळगाव, धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, त्यासाठी एजंटला एक रुपया देऊ नका.

सात वर्षं पत्ता नाही म्हणून कोर्टातून मयत ठरवून घेतलं असेल (आता साक्ष्य अधिनियमाचं कलम १११, आधी १०८) तरी घाबरायचं कारण नाही, नातं त्याने तुटत नाही, तो आदेशही जोडा.

सॅम्पलला बोलावलं तर सहसा बोटाचं थोडं रक्त नाहीतर गालाच्या आतून कापसाच्या काडीने पुसून घेतात, दुखत नाही. तंबाखू, चहा आधी थांबवा, चूळ भरून जा. कधी रक्त चढवलं असेल किंवा बोनमॅरो बदलला असेल तर आधीच सांगा.

त्या आत्यांचं पत्र आम्ही रजिस्टर पोस्टाने टाकलं, पोचपावती त्यांनी त्याच ट्रंकेत ठेवलीय.