निकाल आणि शपथविधी यांच्यामधले 35 दिवस : त्रिशंकू कौलांची पार्श्वभूमी

2019 च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी, स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा चौघा मित्रांच्या बोलण्यात पाऊस आणि सरकार असे दोनच विषय असत, आणि ते एकमेकांत इतके मिसळलेले असत की, एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे सांगता येत नसे. द्राक्षबागायतदार मित्र फवारणी आटोपून तसाच येई, त्याच्या कपड्यांना औषधाचा वास असे, आणि बसल्या बसल्या त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय, झालं का सरकार?" त्याला राजकारणाची फारशी आवड नव्हती. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटलेल्या बागेवर पावसाने डाऊनी हा बुरशीचा रोग आला होता, गळकूज सुरू झाली होती, फवारणीच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर सरीत रुतत होता, आणि नुकसानीची मदत कोण जाहीर करणार हे त्याला जाणून घ्यायचे होते. त्याच्या त्या एका प्रश्नामागे किमान चार दशकांचा इतिहास आहे, आणि तो मांडून ठेवावा, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

विधानसभेच्या 288 जागांसाठी 21 ऑक्टोबर 2019 रोजी मतदान झाले आणि 24 ऑक्टोबरला निकाल लागले. भारतीय जनता पक्षाला 105, शिवसेनेला 56, राष्ट्रवादी काँग्रेसला 54 आणि काँग्रेसला 44 जागा मिळाल्या. बहुमताचा आकडा 145 होता आणि युती करून लढलेल्या भाजप-शिवसेनेची बेरीज 161 होत होती, त्यामुळे कागदावर पाहिले तर हा कौल त्रिशंकू, म्हणजे कोणालाच बहुमत न देणारा, नव्हताच. अडले ते मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवर. लोकसभा निवडणुकीपूर्वी समसमान वाटपाचा शब्द दिला गेला होता की नाही, याबद्दल दोन्ही पक्षांची सांगणी वेगवेगळी होती. माझ्या मते त्या वर्षी मतदाराने संदिग्ध उत्तर दिले, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. संदिग्धता होती ती बंद दाराआडच्या समझोत्यात, आणि मतदाराच्या हाती असा कोणताच कागद नव्हता की ज्यावरून त्याने खरे-खोटे करावे.

आमच्यातले वडीलधारे अण्णा सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले आहेत, आणि त्यांना हे सगळे नवे वाटत नव्हते. ते बोट दाखवत 1978 कडे. आणीबाणीनंतरच्या त्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला 99, आणि काँग्रेसच्या फुटीतून झालेल्या दोन पक्षांपैकी रेड्डी काँग्रेसला 69 व इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. कोणालाही बहुमताच्या जवळपासही पोहोचता आले नव्हते. एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या, मार्चमध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि नाशिकराव तिरपुडे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. हे सरकार साडेचार महिनेही टिकले नाही. जुलैमध्ये शरद पवार सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि 18 जुलै 1978 रोजी, वयाच्या 38 व्या वर्षी, जनता पक्षासह पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे 'पुलोद'चे मुख्यमंत्री झाले. आमदारांनी गटाने बाहेर पडण्याला त्या वेळी कायद्याची कोणतीच आडकाठी नव्हती. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची राज्यघटनेत आली ती 1985 मध्ये.

त्या सरकारचा काळ हा नुसत्या सत्तांतराचा नाही. शपथविधीनंतर अवघ्या 9 दिवसांनी, 27 जुलै 1978 रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. ठरावाची अंमलबजावणी व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले, आणि तीही नामविस्ताराच्या, म्हणजे जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडण्याच्या, रूपात. याच सरकारच्या काळात, 26 जानेवारी 1979 पासून, 1977 मध्ये संमत झालेला रोजगार हमी कायदा अंमलात आला. अण्णांच्या आठवणीत रोहयोच्या, म्हणजे रोजगार हमी योजनेच्या, कामावरची मस्टरे (हजेरीपत्रके) आणि खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आहेत, आणि 'पुलोद' म्हटले की त्यांना आधी ते आठवते, मंत्र्यांची नावे नंतर. 17 फेब्रुवारी 1980 रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले आणि महाराष्ट्रात पहिल्यांदा राष्ट्रपती राजवट लागली.

1990 मध्ये काँग्रेस 141 वर थांबली, बहुमताला चार जागा कमी पडल्या आणि अपक्षांच्या मदतीने सरकार झाले. 1995 चा निकाल मात्र अधिक खोल परिणाम करून गेला. काँग्रेस 80, शिवसेना 73, भाजप 65 आणि अपक्ष तब्बल 45. या अपक्षांत काँग्रेसची उमेदवारी न मिळालेले बंडखोर मोठ्या संख्येने होते. त्यांचा पाठिंबा घेऊन 14 मार्च 1995 रोजी मनोहर जोशी यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली आणि राज्यात पहिल्यांदा शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. पश्चिम महाराष्ट्रातल्या अपक्षांचे वजन या सरकारवर होते, आणि पाणीवाटप लवादाने राज्याला दिलेले कृष्णेचे वाट्याचे पाणी मुदतीत अडवले पाहिजे ही त्या भागाची निकड होती. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यामागे ही दोन्ही कारणे पाहावी लागतात. त्रिशंकू विधानसभेत एखाद्या अपक्ष आमदाराच्या हाती जे बळ येते, ते अशा रीतीने कधीकधी धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन पोहोचते.

1999 मध्ये जूनच्या 10 तारखेला काँग्रेसमधून फुटून राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली, सप्टेंबरात दोन्ही काँग्रेस एकमेकींविरुद्ध लढल्या, आणि 18 ऑक्टोबरला विलासराव देशमुखांच्या नेतृत्वाखाली त्याच दोन काँग्रेसचे संयुक्त सरकार झाले. शिवसेना 69 आणि भाजप 56 अशी 125 जागांची युती समोर होती, काँग्रेस 75 आणि राष्ट्रवादी 58 मिळून 133 होत होते. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडणारे निकालानंतर एकत्र बसू शकतात, हे 1978 नंतर मराठी मतदाराने दुसऱ्यांदा पाहिले, आणि 2019 मध्ये आमच्या टपरीवर कोणालाच फार आश्चर्य वाटले नाही त्याचे कारण बहुधा हेच असावे. 2004 मध्ये राष्ट्रवादीला काँग्रेसपेक्षा दोन जागा जास्त, म्हणजे 71 मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले, पण ते ठरायलाच पंधरवडा लागला. 2014 मध्ये चारही प्रमुख पक्ष स्वतंत्र लढले. 122 जागांच्या भाजपने सरकार केले, 12 नोव्हेंबरला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले, आणि प्रत्येक आमदाराच्या मताची नोंद का झाली नाही यावरून सभागृहात मोठा वाद झाला. 63 जागांची शिवसेना डिसेंबरात सरकारमध्ये सामील झाली.

आता प्रश्न येतो राज्यपालांच्या भूमिकेचा. मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात एवढेच राज्यघटनेचे 164 वे कलम सांगते. कौल अस्पष्ट असेल तर कोणाला आधी बोलवावे आणि किती मुदत द्यावी, याबद्दल ते मौन बाळगते. ही पोकळी तुकड्यातुकड्यांनी भरली गेली. केंद्र-राज्य संबंधांसाठी 1983 मध्ये नेमलेल्या सरकारिया आयोगाने 1988 च्या अहवालात क्रम सुचवला: आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्याचा दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग सर्व घटक सत्तेत सहभागी होणारी निवडणुकीनंतरची आघाडी, आणि शेवटी काही घटक बाहेरून पाठिंबा देणारी आघाडी. राज्य सरकारांच्या बरखास्तीविषयीच्या 1994 च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, बहुमताची परीक्षा राजभवनात नव्हे तर सभागृहातच व्हायला हवी. बिहारमध्ये फेब्रुवारी 2005 च्या निवडणुकीनंतर विधानसभा एकदाही न भरता मे महिन्यात विसर्जित केली गेली, आणि ती कृती घटनाबाह्य असल्याचा निर्णय न्यायालयाने 2006 मध्ये दिला.

गोव्याचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. 2017 मध्ये 40 जागांच्या विधानसभेत काँग्रेसला 17 आणि भाजपला 13 जागा होत्या, पण महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, गोवा फॉरवर्ड आणि अपक्षांच्या पाठिंब्याची पत्रे आधी घेऊन गेलेल्या मनोहर पर्रीकरांना पाचारण झाले. न्यायालयाने 16 मार्चला सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगितले, आणि ठराव 22 विरुद्ध 16 मतांनी संमत झाला. सर्वांत मोठा पक्ष आणि सर्वांत आधी जुळलेली बेरीज यांत कोणाचा हक्क मोठा, हा प्रश्न त्यानंतरही पुरता सुटलेला नाही, असे मला वाटते.

हे सगळे ध्यानात घेऊन 2019 च्या नोव्हेंबरकडे परत यावे. 9 तारखेला जुन्या विधानसभेची मुदत संपली आणि राज्यपालांनी भाजपला विचारणा केली; दुसऱ्या दिवशी भाजपने असमर्थता कळवली. मग शिवसेनेला 11 तारखेच्या संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला, वाढीव मुदत नाकारली गेली, राष्ट्रवादीला 12 तारखेच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ होता, पण ती वेळ येण्याआधीच राष्ट्रपती राजवट लागू झाली. याआधी 1980 आणि 2014 मध्ये राष्ट्रपती राजवट आली होती ती असलेले सरकार गेल्यामुळे. निवडणूक होऊनही सरकार न बनल्यामुळे ती लागण्याची राज्यातली ही पहिलीच वेळ होती.

त्याच दिवसांत राज्यभर अवकाळी पावसाने सुमारे 54 लाख हेक्टरवरची पिके आडवी झाली होती. काढून ठेवलेल्या सोयाबीनला गंजीतच कोंब फुटले होते, आमच्याकडे कांद्याची रोपे सडली होती. काळजीवाहू सरकारने 2 नोव्हेंबरला 10,000 कोटींची घोषणा केली, पण हेक्टरी दर जाहीर झाले ते राष्ट्रपती राजवटीत, 16 नोव्हेंबरला, राज्यपालांकडून: खरीप पिकांना हेक्टरी 8,000 रुपये आणि फळबागांना 18,000 रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. त्या संध्याकाळी बागायतदार मित्राने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेनाने हिशेब मांडला. एकरी 7,200 रुपये. त्याखाली त्याने छाटणीपासूनचा औषधांचा खर्च लिहायला घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पेन खिशाला लावले. आमच्यातल्या चौथ्याची अडचण वेगळी होती. त्याच्या चुलत्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज केलेला होता, आणि मुख्यमंत्रीच नसल्यामुळे मंत्रालयातला तो कक्ष बंद झाला होता. राज्यपालांच्या आदेशाने तो काही दिवसांनी पुन्हा सुरू झाला, पण मधल्या दिवसांत रुग्णालयाचे बिल थांबलेले नव्हते. त्याने त्या आठवड्यात टपरीवर राजकारणाचा शब्दही काढला नाही, आणि आम्हीही त्याच्यासमोर तो काढला नाही.

23 नोव्हेंबरच्या पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी भाजपचे देवेंद्र फडणवीस यांचा मुख्यमंत्री आणि राष्ट्रवादीचे अजित पवार यांचा उपमुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. 26 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला, आणि त्यात गुप्त मतदान नको, कामकाजाचे थेट प्रक्षेपण व्हावे, अशा अटी घातल्या. या अटी वाचताना 2014 च्या आवाजी मतदानाची आठवण होणे स्वाभाविक होते. परीक्षेपूर्वीच दोघांनीही राजीनामे दिले. 28 नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे यांनी शपथ घेतली आणि 30 तारखेला 169 मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

त्या शनिवारी संध्याकाळी टपरीवर ही बातमी सांगितली, तेव्हा बागायतदार मित्र मान हलवून म्हणाला, "बरं झालं." मग तो तलाठ्याला फोन लावायला बाहेर गेला, कारण त्याच्या जमिनीच्या गटाचा पंचनामा अजून व्हायचा होता.