जास्त हार्डनर म्हणजे जास्त कडक लेप? नाही!

हाताने बनवलेल्या फिशिंग रॉडवर नक्षीदार दोरा गुंडाळला की त्यावर इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारा, लेप देतात. ‘हार्डनर थोडा जास्त घाला, लेप लवकर आणि कडक सुकतो’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि कित्येक तासांची सुंदर गुंडाळणी त्यापायी चिकट होऊन बसते.

गैरसमज बहुधा पॉलिएस्टर रेझिनवरून (फायबरग्लासच्या कामातले वेगळे रेझिन) आला असावा. तिथे थेंबभर घालायचा पदार्थ फक्त क्रिया सुरू करतो, म्हणून तो किंचित वाढवला की वेग वाढतो. इपॉक्सीत मात्र हार्डनर स्वतःच रेझिनच्या रेणूंशी जोडला जातो. जोडीदार न मिळालेला जादा हार्डनर तसाच आत राहतो आणि लेप मऊ पडतो. रेझिन जास्त झाले तरी तेच.

रॉडच्या बहुतेक इपॉक्सींचे प्रमाण आकारमानाने १:१ असते, डब्यावरचे वाचाच. दोन्हींसाठी वेगळ्या सिरिंज वापरा, कपाच्या कडा खरवडत नीट ढवळा. घाई असेल तर खोली उबदार ठेवा. लेप ओघळू नये म्हणून रॉड संथ फिरता हवाच.

आधीच चिकट राहिला असेल, तर अचूक मापाचा पातळ दुसरा हात बऱ्याचदा तो वाचवतो.