धीर मागाहून येतो

माणूस जाऊन कित्येक महिने उलटलेले असतात. तरी ठरावीक वेळेला दारापाशी पाऊल वाजल्याचा भास होतो आणि मान आपोआप वळते. आता कुणी येणार नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, मानेला मात्र नसतं.

याला हळवेपणा म्हणून सोडून देता येईल, पण असंच काहीसं उंदरांच्या मेंदूतही सापडलं आहे. नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमला मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांची प्रयोगशाळा आहे. मेंदू जागेचा नकाशा कसा तयार करतो हे उलगडल्याबद्दल त्यांना २०१४ चं नोबेल (जॉन ओ'कीफ यांच्याबरोबर) मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी या प्रयोगशाळेतून एक निरीक्षण प्रसिद्ध झालं होतं. उंदराच्या पेटीत एक वस्तू ठेवायची, त्याला तिच्याभोवती फिरू द्यायचं आणि मग ती उचलून न्यायची. त्यानंतर उंदीर त्या रिकाम्या जागी आला की मेंदूतल्या काही पेशी नेमक्या तिथे चेतत, आणि हे बरेच दिवस चालू राही. ‘इथे काहीतरी होतं’ एवढंच सांगणाऱ्या या पेशी. वस्तू हलवायला क्षण पुरतो, नकाशा बदलायला वेळ लागतो. जवळचं माणूस गेल्यावर हरवलेला धीर नवं काही शिकण्यातून कसा परतू शकतो, ते इथे पाहायचं आहे.

माणसांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ मेरी-फ्रान्सेस ओ'कॉनर यांनी २००८ मध्ये केलेला अभ्यास महत्त्वाचा मानला जातो. स्तनांच्या कर्करोगाने आई किंवा बहीण गमावलेल्या २३ स्त्रियांना त्या व्यक्तीची छायाचित्रं दाखवून त्यांचे मेंदू तपासले गेले. वेदनेशी जोडलेले भाग सगळ्यांच्याच मेंदूत जागे झाले. पण ज्यांचा शोक काही केल्या हलत नव्हता, त्यांच्यात ‘न्यूक्लिअस ॲक्युम्बन्स’ हा भागही उजळला. हे ओढीचं, हवंहवंसं वाटण्याचं केंद्र. मेंदूने आशा सोडलेलीच नव्हती. संख्या लहान आहे, तेव्हा निष्कर्षाला फार ताणू नये. पण ‘इतके दिवस झाले, आता तरी सावर’ असं म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा वाचावा.

शोकात माणूस दुःखी होतो हे सगळ्यांना कळतं. तो घाबरट का होतो, हे कुणी फारसं विचारत नाही. काल जग हिंडून आलेला माणूस आज बँकेतला साधा अर्ज भरताना थबकतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. बराच काळ एकत्र राहणारी माणसं लक्षात ठेवण्याची कामं नकळत वाटून घेतात. विम्याची तारीख एकाच्या डोक्यात, नातेवाइकांचे वाढदिवस दुसऱ्याच्या. दोघांची मिळून एकच स्मृती असते म्हणा ना. एक जण गेला की उरलेल्याची अर्धी वही फाटून जाते. म्हणजे ‘मला काही सुधरत नाही’ हे नुसतं वाटणं नसतं. काल जमणाऱ्या गोष्टी आज खरोखरच जमत नसतात.

मग हतबलता येते. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेल्या, आज वाचतानाही अंगावर येणाऱ्या प्रयोगांतून असं मांडलं की ज्यावर इलाज नाही असा त्रास भोगत राहिल्यावर प्राणी हतबलता शिकतो. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी एका निबंधात आपलाच सिद्धान्त उलटा केला. मधल्या काळातल्या मेंदूच्या संशोधनावरून त्यांना दिसलं की दीर्घ त्रासात गलितगात्र होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही फरक पडतो’ हे. ते एकदा उमगलं की मेंदूचा पुढचा भाग त्या जुन्या प्रतिक्रियेला आवर घालतो. स्वतःचं गाजलेलं मत असं जाहीरपणे फिरवणारे शास्त्रज्ञ विरळाच, म्हणूनही मला हा निबंध आवडतो.

पण हे उमगायचं कसं? समजूत घालून फारसं साधत नाही. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला जमेल’ या भरवशाचे चार उगम सांगितले: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याला करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर आणि स्वतःच्या शरीराच्या खुणा. यांत सर्वांत भक्कम पहिला. सापाला भयंकर घाबरणाऱ्यांना त्यांनी पायरीपायरीने सापाजवळ नेलं, हात लावायला लावला आणि त्यातून भीती ओसरली. एरवी आपण क्रम उलटा धरतो. आधी उभारी येऊ दे, मग बघू, असं म्हणत बसतो. ती उभारी करण्यातूनच यायची असते.

याचा अर्थ दुःखाला कामात बुडवावं असा नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये शोकाचं जे चित्र रेखाटलं, त्यात माणूस झोक्यासारखा दोन टोकांमध्ये हेलकावतो. कधी गेलेल्याकडे, आठवणींकडे; कधी नव्या कामांकडे, नव्या भूमिकांकडे. हेलकावणं हेच निरोगीपणाचं लक्षण, एकाच टोकाला अडकणं हे नव्हे. सकाळी पोहण्याच्या वर्गाला जाऊन दुपारी जुने फोटो काढून रडणारी बाई गोंधळलेली नसते, ती बरी होत असते. शूट यांच्याच आधीच्या एका अभ्यासात विधुरांना भावनांबद्दल बोलण्याचा जास्त फायदा झाला आणि विधवांना व्यवहारातले प्रश्न सोडवण्याचा. म्हणजे ज्या टोकाकडे माणूस आपणहून जात नाही, तिथेच त्याला मदत लागते. शोक महिनोन्‌महिने तसूभरही हलत नसेल, रोजचं जगणंच थांबलं असेल, तर मात्र छंदाच्या वर्गावर विसंबू नये, तज्ज्ञांकडे जावं. त्यासाठी आता खास उपचार आहेत.

‘जगण्याचं प्रयोजन’ हा शब्द मला या दिवसांत फार जड वाटतो. नवी गोष्ट शिकायला जाणं त्याहून साधं काहीतरी देतं: वर्गाचा पुढचा मंगळवार. कुणीतरी वाट पाहणार असतं, अर्धवट राहिलेलं काही पुरं करायचं असतं. शिवाय माझा एक अंदाज आहे, सिद्ध झालेलं काही नाही. जुन्या प्रत्येक जागेत गेलेल्या माणसाची खूण असते. मातीकामाच्या चाकापाशी ती नसते, कारण तिथे ते माणूस कधी नव्हतंच.

नवी गोष्ट खरोखर नवी आणि थोडी अवघड हवी. डेनिस पार्क यांनी २०१४ मध्ये ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, काहींनी गोधडीकाम किंवा डिजिटल छायाचित्रण शिकलं. काही नुसतेच गप्पा-सहलींसाठी जमत. स्मरणशक्ती सुधारली ती शिकणाऱ्यांची.

जर्मनीतला २००८ चा एक प्रयोग तर याहून गमतीचा. साठीच्या आसपासच्या माणसांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं. तरुणांइतकं सफाईने त्यांना जमलं नाही. पण जे शिकले त्यांच्या मेंदूत हालचाल टिपणारा भाग वाढलेला दिसला, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस वाढलेला दिसला आणि आणखी एक भाग, न्यूक्लिअस ॲक्युम्बन्स. ओ'कॉनर यांच्या अभ्यासात शोक न हलणाऱ्या स्त्रियांमध्ये उजळला होता तोच. ही माणसं काही शोकग्रस्त म्हणून निवडलेली नव्हती, त्यामुळे दोन अभ्यासांमध्ये सरळ रेघ ओढता येणार नाही. आणि ही वाढ तात्पुरती होती. सराव सुटल्यावर ती ओसरली.