पहिल्या सेक्टरवर ताबा कोणाचा? ड्युअल बूटची पार्श्वभूमी

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवे असतील (यालाच ड्युअल बूट म्हणतात), तर आधी विंडोज टाका आणि नंतर लिनक्स, हा सल्ला नव्वदच्या दशकापासून चालत आला आहे. क्रम उलटला तरी लिनक्सची एकही फाइल पुसली जात नाही. सगळं डिस्कवर जिथल्या तिथे असतं, फक्त संगणक सुरू केला की निवडीचा मेनू येत नाही, थेट विंडोज उघडते. याचं कारण लिनक्समध्ये शोधून सापडणार नाही. ते डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये आहे, आणि त्या ५१२ बाइटवर कोणी लिहायचं हे कधी ठरलंच नाही यात आहे.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा हा प्रश्न नव्हता. त्यात हार्ड डिस्क नव्हती. जी फ्लॉपी आत असेल ती सिस्टीम सुरू व्हायची, आणि आयबीएमनेच त्यासाठी पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टीम असे तीन पर्याय जाहीर केले होते. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, १० एमबीच्या हार्ड डिस्कसह. ही डिस्क आत पक्की बसवलेली होती, म्हणून कोणती सिस्टीम सुरू करायची हे डिस्कवरच नोंदवून ठेवणं भाग होतं. त्यासोबतच्या पीसी-डॉस २.० ने ही नोंद ठेवायची जागा ठरवली: डिस्कचा पहिला सेक्टर (५१२ बाइटचा तुकडा), म्हणजेच मास्टर बूट रेकॉर्ड.

त्याची रचना आजही समजून घेण्याजोगी आहे. ५१२ पैकी ४४६ बाइट एका छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतंत्र भागांच्या, तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी. तक्त्यात चार नोंदी. पार्टिशन कुठे सुरू होतं, किती मोठं आहे, कोणत्या प्रकारचं आहे आणि ते सक्रिय आहे का, एवढं प्रत्येक नोंद सांगते. संगणक सुरू होताच बायोस (मदरबोर्डवरचा, सुरुवात करून देणारा प्रोग्रॅम) हा सेक्टर मेमरीत आणतो, तो छोटा प्रोग्रॅम सक्रिय पार्टिशन शोधतो आणि पुढची सूत्रं तिथल्या सिस्टीमकडे देतो.

अवघ्या १० एमबीला चार पार्टिशन कशाला? त्या वेळचं डॉस स्वतःसाठी एकच पार्टिशन वापरू शकत होतं. बाकीच्या जागा दुसऱ्या सिस्टीमसाठी होत्या. ड्युअल बूट हा हौशी लोकांनी नंतर शोधलेला आडमार्ग आहे असं अनेकदा सांगितलं जातं, म्हणून हे ठासून सांगावंसं वाटतं: पीसीवर हार्ड डिस्क आली त्याच दिवशी एकाहून अधिक सिस्टीमना जागा देणारा तक्ताही आला.

उणीव वेगळ्याच ठिकाणी राहिली. तक्ता चौघांचा, पण ४४६ बाइटचा प्रोग्रॅम अख्ख्या डिस्कला एकच. जो नंतर येईल तो तिथे स्वतःचा प्रोग्रॅम लिहून मोकळा. १९९२ च्या ओएस/२ २.० मध्ये आयबीएमने यावर चांगला तोडगा दिला. बूट मॅनेजरला स्वतःचं छोटं पार्टिशन, आणि सुरुवातीला सगळ्या सिस्टीमची यादी. १९९३ च्या विंडोज एनटीनेही शेजारी डॉस ठेवण्याची सोय केली. मग १९९५ मध्ये विंडोज ९५ आली. ती टाकताना पहिल्या सेक्टरमधला प्रोग्रॅम विचारपूस न करता बदलला जाई, आणि तिथे आधीपासून असलेला दुसऱ्या सिस्टीमचा मेनू नाहीसा होई. वरचा सल्ला पक्का झाला तो याच काळात.

लिनक्सच्या बाजूने या जागेत शिरणारा पहिला मोठा बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) म्हणजे वर्नर आल्मेस्बर्गर यांचा लिलो. ४४६ बाइटमध्ये फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत) समजून घेणारा प्रोग्रॅम बसवणं अवघड होतं. म्हणून लिलो फाइलची नावं शोधायच्या भानगडीत पडत नसे, कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कच्या कोणकोणत्या सेक्टरमध्ये आहे याची यादीच जवळ ठेवत असे. नवा कर्नल टाकला की ही यादी पुन्हा लिहायला लावायची. ते राहून गेलं की पुढच्या वेळी संगणक सुरू होण्याची खात्री नाही. एकेक टप्पा पार पडला की पडद्यावर त्याच्या नावातलं एकेक अक्षर उमटे, त्यामुळे अक्षरं कुठे थांबली यावरून बिघाडाचा अंदाज बांधता येई. इतक्या तुटपुंज्या जागेत निदानाचीही सोय करणाऱ्या या कामाबद्दल मला फार आदर वाटतो.

त्यातच बायोसची मर्यादा. सिलिंडरचा (डिस्कवरची जागा मोजायच्या एककाचा) क्रमांक सांगायला त्याच्याकडे १० बिट होते, म्हणजे १०२४ सिलिंडर. त्यापलीकडचं, अनुकूल मोजणीतही सुमारे ८ जीबीच्या पुढचं, बूटलोडरला दिसतच नसे. कर्नल त्या रेषेच्या अलीकडेच राहावा म्हणून डिस्कच्या सुरुवातीला छोटं बूट पार्टिशन करण्याची पद्धत रुळली. आणि मुळात जागा कुठून काढायची? विंडोजने पूर्ण डिस्क व्यापलेली असे. आधी डीफ्रॅगमेंट करून सगळ्या फाइल पुढे सरकवायच्या, मग फिप्स नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने मागचा मोकळा भाग कापून घ्यायचा. मध्येच वीज गेली तर सगळाच डेटा धोक्यात. विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन लहान करण्याची सोय यायला व्हिस्टापर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत थांबावं लागलं.

लिलोची अडचण ग्रबने सोडवली. एरिक बोलिन यांनी तो १९९५ मध्ये ग्नू हर्ड ही सिस्टीम सुरू करण्यासाठी लिहायला घेतला. पहिल्या सेक्टरमधून तो स्वतःचाच मोठा भाग मेमरीत आणतो आणि तो भाग फाइलसिस्टीम वाचू शकतो, त्यामुळे कर्नल नावाने सापडतो. विंडोज सुरू करायची असेल तर ग्रब तिच्या पार्टिशनचा पहिला सेक्टर मेमरीत आणतो, सूत्रं तिच्याकडे देतो आणि बाजूला होतो. पुढे विंडोज काय करते हे त्याला ठाऊक असण्याची गरज नाही.

पण कोणती सिस्टीम समोर यावी हे केवळ तंत्राने ठरत नव्हतं. बीओएस ही सिस्टीम बनवणाऱ्या बी कंपनीची हकिकत त्यासाठी पाहावी. विंडोजच्या शेजारी बीओएस घालून संगणक विकावेत असा तिचा प्रयत्न होता. हिताचीने जपानमध्ये तसे संगणक काढलेही. डिस्कवर बीओएस होती, पण सुरुवातीला निवडीचा मेनू दिसत नसे. ती चालू कशी करायची हे बी कंपनीलाच ग्राहकांना वेगळं समजावून सांगावं लागलं. मायक्रोसॉफ्टचे संगणक उत्पादकांशी असलेले परवाना करार दुसरा मेनू दाखवू देत नाहीत, असा बीचा आरोप होता. २००२ मध्ये तिने दावा लावला, आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता २ कोटी ३२.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बीची मालमत्ता पाम कंपनीला विकली गेली होती. डिस्कवर जागा मिळाली आणि मेनूत मिळाली नाही, तर दुसरी सिस्टीम असून नसल्यासारखी होते, हे या प्रकरणाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ॲपलने एप्रिल २००६ मध्ये बूट कॅम्पद्वारे मॅकवर विंडोजला अधिकृत वाट दिली. २०२० मध्ये स्वतःच्या चिपचे मॅक आले तेव्हा त्यांवर ती ठेवली नाही.

पहिल्या सेक्टरचं भांडण मुळातून मिटवलं ते बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयने. इंटेलने इटेनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेलं हे काम २००५ पासून यूईएफआय फोरमकडे आहे. चार नोंदींच्या तक्त्याऐवजी जीपीटी हा नवा तक्ता, त्यात सहसा १२८ नोंदी. बूटलोडरसाठी एक सामाईक पार्टिशन, त्यात प्रत्येक सिस्टीमचं स्वतंत्र फोल्डर. आणि कोणी आधी सुरू व्हायचं याची क्रमवारी मदरबोर्डवरच्या मेमरीत. आता कोणाला कोणाचं पुसून लिहायची गरज नाही. क्रमवारी मात्र बदलता येते, आणि काही संगणकांचं फर्मवेअर (मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) काहीही केलं तरी विंडोजलाच वर ठेवतं.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट सर्वत्र आलं. विश्वासू चावीने सही केलेलाच बूटलोडर चालेल, असा त्याचा नियम. बहुतेक संगणकांत ही चावी मायक्रोसॉफ्टची असते. म्हणून मॅथ्यू गॅरेट यांनी शिम हा छोटा प्रोग्रॅम तयार केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि पुढच्या ग्रबची सही तो तपासतो. यातला सुरक्षेचा हेतू खरा आहे. २०२० मध्ये ग्रबमध्येच बूटहोल नावाची गंभीर त्रुटी सापडली होती. पण सही देणारा आणि शेजारी राहणारा एकच असला की काय होतं, तेही ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. जुने, असुरक्षित बूटलोडर अडवणारं विंडोजचं अपडेट ड्युअल बूट असलेल्या संगणकांवर लागू होणार नव्हतं. ते ओळखण्यात चूक झाली आणि अनेकांचं लिनक्स सुरू होईना. कायमची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

शिमवर सही करणाऱ्या मूळ प्रमाणपत्रावर साल २०११ चं आहे आणि त्याची मुदत जून २०२६ पर्यंतची. त्याच्या जागी २०२३ चं प्रमाणपत्र येत आहे. मुदत संपली म्हणून आधी बसवलेलं लिनक्स सहसा बंद पडणार नाही. मात्र केवळ नव्या चावीने सही झालेला शिम चालवायचा असेल, तर ती चावी संगणकाच्या फर्मवेअरमध्ये आधी पोहोचलेली असावी लागेल.