कुजक्या वांग्यातला विषाणू

नेरूळच्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतात. त्या खड्ड्यातली चमचाभर माती माझी भाची प्रयोगशाळेत घेऊन गेली, ती फाज शोधायला. फाज म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू. ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव फेलिक्स द'हेरेल यांनी १९१७ साली दिलं.

माती द्रवात घुसळून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात. जीवाणू वर अडकतात, फाज खाली उतरतात. ते गाळलेलं पाणी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या जीवाणूत मिसळायचं. हा क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी चुलतभाऊ. मग पातळ आगर, म्हणजे जेलीसारखा गोठणारा पदार्थ, त्यात घालून ते मिश्रण ताटलीवर ओतून ३७ अंशांवर ठेवायचं. दोनेक दिवसांत जीवाणूंची दुधी साय धरते आणि फाज असेल तिथे सायीला भोकं पडतात. या भोकाला प्लाक म्हणतात. एक फाज पेशीत शिरतो, आत त्याच्या कित्येक प्रती होतात, पेशी फुटते, मग शेजारच्यांची पाळी. फाज दिसत नाही, त्याने केलेला नाश डोळ्यांना दिसतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

पण भोक पडलं म्हणजे शोध लागला असं नाही. एका ताटलीत दोन-तीन जातींचे फाज असू शकतात. म्हणून एकाच प्लाकला निर्जंतुक टोक लावून, त्याला चिकटलेले फाज द्रवात दहा-दहा पट पातळ करत, पुन्हा ताटली लावायची. एकसारखे प्लाक येईपर्यंत हेच. इथे घाई केली तर पुढचं सगळं काम वाया. मग मोजणी: दहा लाख पट पातळ केलेल्या ०.१ मिलीत ४० प्लाक आले, तर मूळ द्रवाच्या एका मिलीत ४० कोटी फाज! त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डोकं-शेपटी बघायची आणि डीएनए वाचायचा.

प्लाक स्वच्छ की धूसर, हेही महत्त्वाचं. धूसर प्लाकमधले फाज बहुधा काही पेशींना मारत नाहीत, त्यांच्याच डीएनएत मुक्काम ठोकतात. औषध म्हणून असा फाज चालत नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एका विद्यार्थिनीला कुजक्या वांग्यावर ‘मडी’ नावाचा फाज सापडला. तो मुळातच मारेकरी. ब्रिटनमधल्या एका मुलीला क्षयाच्या जंतूच्याच कुळातल्या मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेससचा संसर्ग झाला होता आणि प्रतिजैविकं हरली होती. तिला दिलेल्या तीन फाजांत मडी होता; उरलेल्या दोघांचं मुक्कामाचं जनुक आधी काढून टाकावं लागलं. ती बरीच सुधारली, आणि २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

भाचीच्या ताटलीत दोन्ही तऱ्हेचे प्लाक आलेत. तिने सध्या स्वच्छ प्लाक उचललाय. उद्या त्याची दुसरी ताटली.